दुपारच्या उन्हाचं मलम

पेठला, पुणे–नाशिक रस्त्याच्या कडेला माझं मेडिकलचं दुकान आहे. दुकान चांगलं चालतं. मी फार हुशार आहे म्हणून नव्हे, मी थोडक्यात बोलतो म्हणून. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करतं, मी गोळ्या काढतो, पट्टी कात्रीने कापतो, पाकिटात टाकतो आणि पाकिटावर आकडे लिहितो. एक-शून्य-एक म्हणजे सकाळी एक, दुपारी काही नाही, संध्याकाळी एक. वाचता न येणाऱ्यालाही आकडे कळतात. मलमांचं तर त्याहून सोपं असतं. खरूज असो, भाजलेलं असो, गुडघा दुखत असो, मलम सकाळ-संध्याकाळ लावायचं. इतक्या वर्षांनंतर ते मी लिहितो असं म्हणणंही खरं नाही. हात लिहितो, मी तोवर पुढच्या माणसाकडे वळलेला असतो.

माझी धाकटी बहीण जन्मली तीच पांढरी. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, कातडी गुलाबीसर. कातडीत रंग तयार करणारी यंत्रणाच काम करत नाही, एवढाच तो प्रकार. पण हे मला औषधशास्त्र शिकायला पुण्याला गेल्यावर कळलं. आमच्या राजुरीत तोवर ज्याला जे सुचेल ते कारण सांगून झालं होतं. गावात तिला भुरी म्हणत. शाळेच्या वाटेवर पोरं ‘इंग्रज आली, इंग्रज आली’ ओरडत आणि मी तिचा मोठा भाऊ तिच्या दहा पावलं पुढे चालत असे, म्हणजे ही माझ्याबरोबर नाही असं वाटावं. तिला लांबचं दिसत नसे, त्यामुळे मी पुढे गेलो की ती ‘दादा’ अशी हाक मारून मी कुठे आहे ते ताडायची. मी ओ द्यायचो, पण थांबायचो नाही.

तिचे डोळे एका जागी ठरत नाहीत, सारखे डावी-उजवीकडे थरथरतात. काही नीट पाहायचं असेल तर ती मान तिरकी करते, मग डोळे जरा स्थिर होतात. पुस्तक नाकाला लावून ती दहावी झाली. बारीक अक्षर तिला आजही वाचता येत नाही. मोठं, जाड लिहिलेलं वाचते.

ऊन हा तिचा खरा वैरी. आम्ही दिवसभर शेतात असलो तर काळे होऊन घरी यायचो. ती भाजून यायची. नाकावर, गालांवर फोड यायचे, साल निघायची. आई तिला कॅलामाइनचं गुलाबी औषध लावायची आणि दोन दिवस घराबाहेर पडू द्यायची नाही. त्या गुलाबी औषधात झिंक ऑक्साईड असतं. म्हणजे जे पुढे तिला उपयोगी पडायचं होतं ते आमच्या कोनाड्यात तेव्हाही होतं, फक्त आम्ही ते भाजून झाल्यावर लावत होतो.

लग्न होऊन ती बोरी बुद्रुकला गेली. नवरा चांगला मिळाला. त्याचा पिकअप आहे, आसपासचा टोमॅटो तो नारायणगावच्या मार्केटला नेतो. तो कायम रस्त्यावर, त्यामुळे शेत आपोआप हिच्याकडे आलं. आम्हाला वाटलं होतं ही घरात बसेल, सावलीत राहील. ती पहाटे उठून वाफ्यांना पाणी द्यायला लागली. म्हणाली, पाणी वाफ्यात भरत आलं की त्याचा आवाज बदलतो, त्याला डोळे लागत नाहीत. कांदा, टोमॅटो, झेंडू, सगळं तिने केलं. तिला शेतात बघितलेल्या माणसाला तिला घरात बसायला सांगण्याची हिंमत होणार नाही. मला तरी झाली नाही.

काही वर्षांपूर्वी, होळी झाल्यावर, तिच्या नाकाच्या शेंड्यावर आणि गालावर खरखरीत डाग दिसायला लागले. हात फिरवला की पॉलिशपेपरसारखे लागायचे. मंचरच्या त्वचेच्या डॉक्टरांनी ते बघितले आणि सांगितलं की हे उन्हाने झालेलं आहे, याचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होऊ शकतं, तेव्हा आता ऊन लागता कामा नये. लांब बाह्या, मोठी टोपी आणि मिनरल सनस्क्रीन. डॉक्टर ते कसं लावायचं हे सांगणार तेवढ्यात ती म्हणाली, “माझ्या भावाचं पेठला मेडिकल हाय, तो सांगंल.” डॉक्टर म्हणाले, मग काय प्रश्नच नाही. हे तिनेच मला नंतर मोठ्या कौतुकाने सांगितलं.

चिठ्ठी घेऊन ती दुकानात आली तेव्हा बाजाराचा दिवस होता. मिनरल सनस्क्रीन माझ्याकडे नव्हतं. आमच्याकडे सनस्क्रीन मागतात ते गोरं व्हायला. लग्न ठरलेल्या मुली, कॉलेजची पोरं. त्यांना अंगात मुरणारं, न दिसणारं हवं असतं. मिनरलवालं सावळ्या चेहऱ्यावर पांढरं बसतं, भिंतीला चुन्याचा पहिला हात दिल्यावर दिसतं तसं. पूर्वी एकदा मी दोन ट्यूब आणल्या होत्या. एक परत आली. ती बाई म्हणाली, “हे लावून शेतात गेले तर बाया म्हणत्यात, आज नारायणगावला तुझी बारी हाय का.” तमाशाच्या फडांचं गाव जवळ असल्याचा हा तोटा. तेव्हापासून मी तो माल ठेवला नव्हता. बहिणीसाठी मागवला.

चार दिवसांनी ती परत आली. मी ट्यूब काढून तिच्या हातावर थोडं मलम लावून दाखवलं. पांढरं मलम तिच्या पांढऱ्या हातावर गेलं आणि दिसेनासं झालं. ज्या दोषापायी सगळं गाव ते परत करत होतं, तो दोष तिच्या कातडीवर उरतच नव्हता. ती मान तिरकी करून हाताकडे बघत राहिली आणि हसली. “हे माझंच हाय,” म्हणाली.

मग तिने प्रश्न विचारले. शेतात औषधं फवारणाऱ्या बाईचे प्रश्न होते ते. “हे रक्तात जातंय का?” “तोंडात गेलं तर?” “हे लावून म्हशीची धार काढली तर चालंल का? दुधात उतरायचं न्हाई ना?” तिच्या घरात प्रत्येक औषधाच्या बाटलीवर विषाचा त्रिकोण असतो आणि फवारल्यावर किती दिवस माल तोडायचा नाही हे तोंडपाठ असतं. अंगाला लावायच्या औषधालाही असं काही असणारच हे ती धरून चालली होती.

ह्या विषयात मला बोलायला आवडतं. मी तिला नीट समजावून सांगितलं. मिनरल म्हणजे झिंक ऑक्साईड आणि टायटॅनियम डायऑक्साईड, दोन्ही पांढऱ्या भुकट्या, मलमात घोटलेल्या. त्या कातडीच्या वरच्या मेलेल्या थरावर बसतात. कातडी फाटलेली नसेल तर आत जवळजवळ काहीच जात नाही. दुसऱ्या जातीची जी सनस्क्रीन असतात, अंगात मुरणारी, त्यातली काही द्रव्यं थोडी रक्तात सापडतात. त्याने अपाय होतो असं ठरलेलं नाही, पण तपास चालू आहे. यात तेवढीही भानगड नाही. लहान मुलांनाही हेच सुचवतात. फक्त ही भुकटी किंवा फवारा नाकात जाऊ द्यायचा नाही, छातीला बरं नाही. म्हशीची धार काढताना हात धुवायचे, ते तू तसेही धुतेसच. आणि हल्ली व्हिडिओ बघून लोक झिंकची पूड आणतात आणि खोबरेल तेलात कालवून लावतात, ते बिलकुल करायचं नाही, कारण तेलात पुडीच्या गुठळ्या होतात आणि मधल्या मोकळ्या जागी ऊन सरळ कातडीवर पडतं.

“म्हंजे बिनधास्त लावू?” तिने विचारलं.

“बिनधास्त,” मी म्हणालो.

तेवढ्यात एक म्हातारा रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी नाचवायला लागला. मी डाव्या हाताने त्याची पट्टी घेतली आणि उजव्या हाताने मार्कर. बहिणीला बारीक दिसत नाही म्हणून खोक्यावर जाड, ठळक आकडे काढले. एक, शून्य, एक. खोकं तिच्याकडे सरकवलं.

आता हे कागदावर मांडताना मला दिसतं की आमचं सगळं बोलणं मलम सुरक्षित आहे का यावर झालं. ते काम कधी आणि कसं करतं यावर एक शब्द झाला नाही. ती बाजू मी आकड्यांत उरकली आणि ती चुकीची उरकली. सनस्क्रीनला ज्या वेळी कामाला लावायचं असतं, त्याच वेळेवर मी शून्य घातलं होतं.

ती ट्यूब सहा महिने पुरली. ह्या गोष्टीने माझे कान टवकारायला हवे होते. चेहरा, मान, कान, हात यांना दिवसातून तीन-चारदा लावलं तर ट्यूब काही आठवड्यांत संपते. तीन ट्यूबमध्ये तिचं दीड वर्ष गेलं. मी मनात म्हणत असे, बेताने वापरते, आईच्या वळणावर गेली आहे. दुकानदाराला कुठलं गिऱ्हाईक कधी परत येणार हे पाठ असतं. सगळ्यांचं पाठ होतं, तिचं मात्र मी कौतुक करत बसलो.

मग भाऊबीज आली. दरवर्षी मी दुकान दुपारी बंद करून बोरीला जातो. त्या दिवशी पोहोचलो तेव्हा दिवस मावळून गेला होता. अंगणात मेहुणे पिकअप पुसत होते, भाची रांगोळीत रंग भरत होती. बहीण शेतातून नुकतीच आली होती. कांद्याच्या रोपांना पाणी होतं, सण असला तरी ते सुटत नाही. तिने मोरीवर तोंड धुतलं, टॉवेलने पुसलं, खिडकीतून ट्यूब काढली आणि तोंडाला मलम लावायला लागली. फार सावकाश, मनापासून. कपाळ, गाल, नाक. आकाशात उजेड म्हणावा असा राहिलाच नव्हता.

मी विचारलं, “आत्ता कशाला लावतेस?”

“सांजचं,” ती म्हणाली. “सकाळचं सहाला लावते आंघूळ करून, सांजचं आल्यावर. एक दिस चुकवलं न्हाई.”

“आणि दुपारी?”

“दुपारी कसं लावायचं? उन्हात औषध मारल्यावर पान करपतंय.”

तिच्या तोंडून ते इतकं सहज आलं की क्षणभर मलाही पटलं. आमच्या भागात फवारणी सकाळी लवकर करतात, नाहीतर ऊन उतरल्यावर. भर उन्हात फवारा मारला तर पान करपतं, फूल गळतं. लहान मूल इथे हे शिकतं ते पाटी धरायच्या आधी. माझं शून्य त्या शिकवणीत चपखल बसलं होतं. दीड वर्ष, दोन उन्हाळे, दोन ऑक्टोबर, ती बाराच्या उन्हात उघडा चेहरा घेऊन राबली होती आणि ऊन गेल्यावर नेमाने मलम लावत होती.

मी म्हणालो, “असं नसतं लावायचं. हे उन्हातच लावायचं असतं. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का?”

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिलं आहे. मला माहीत होतं की डॉक्टरांनी का सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं की खिडकीत जे खोकं ठेवलं आहे त्यावर कुणाचे आकडे आहेत. तरी मी डॉक्टरांचं नाव घेतलं. मेहुण्यांनी हातातलं फडकं थांबवून वर पाहिलं. भाचीही रांगोळी सोडून आमच्याकडे बघत होती. तिने तोंड उघडलं, आणि बहिणीने मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. भाची परत रांगोळीकडे वळली.

“मीच चुकीचं ऐकलं आसंल,” बहीण म्हणाली.

मी पाय धुवायला मोरीवर गेलो. तिने पाट मांडला, मला टोपी दिली, कपाळाला टिळा लावला, ओवाळलं. तिच्या चेहऱ्याला त्या मलमाचा वास येत होता. मी ताटात साडी ठेवली. ती वाकून पाया पडली तेव्हा मी दरवर्षी म्हणतो तेच म्हणालो, सुखी राहा. मला स्वतःची लाज वाटत होती आणि तरीही पुरणपोळी मी दोनदा मागून घेतली, म्हणजे कुणाला काही वाटू नये.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन करून सगळं सांगितलं, माझी चूक सोडून. चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं मलम लागतं, त्याहून कमी लावलं तर ट्यूबवर छापलेला एसपीएफचा आकडा नुसता शोभेचा. घरातून निघायच्या आधी लावायचं, दर दोन तासांनी पुन्हा, घाम पुसला की पुन्हा. कान, मानेची मागची बाजू, हाताचे पंजे विसरायचे नाहीत. ओठांना वेगळं. आणि टोपी, बाह्या सोडायच्या नाहीत. मलम हे त्यांच्या जोडीला असतं, बदली नाही. आमच्या धंद्यात सांगतात की ह्या भुकट्या आरशासारखं ऊन परतवतात. मीही गिऱ्हाइकांना तसंच सांगत आलो होतो. त्या आठवड्यात वाचायला बसलो तेव्हा कळलं की तेही अर्धंच खरं आहे. जे घातक किरण आपल्याला दिसत नाहीत ते त्या बहुतेक शोषून घेतात, थोडेच परतवतात. आयुष्यभर जे विकलं ते मी त्या दिवाळीत पहिल्यांदा वाचलं.

“घामानं जातंय म्हणतोस, मग ह्यात स्टिकर न्हाई का?” तिने फोनवर विचारलं. फवाऱ्यात औषध पानाला धरून राहावं म्हणून जे चिकट द्रव्य घालतात, ते. प्रश्न अगदी बरोबर होता. मी तिच्यासाठी पाण्याने लवकर न निघणारं मलम शोधून दिलं.

त्यानंतर तिने ते ज्या पद्धतीने वापरलं ते मी कुठल्याही शिकलेल्या गिऱ्हाइकात पाहिलेलं नाही. घड्याळ तिला दिसत नाही, मोबाईल चिखलाच्या हाताने काढता येत नाही. तिने दोन तास वाफ्यांत मोजले. मोटर पूर्ण दाबाने चालू असली तर इतके वाफे, वीज कमी असली तर इतके. तेवढे भरले की बांधावर येऊन स्वच्छ पाण्याच्या कॅनने हात धुवायचे, मलम लावायचं, ते बसेपर्यंत थोडं पाणी प्यायचं. भाचीने टोपीला मागून जुन्या ओढणीची झालर शिवून दिली. मजूर बायका आधी हसल्या. मग उन्हाळ्यात त्यांतल्या दोघी माझ्या दुकानात येऊन विचारून गेल्या की भाऊ, आमच्या तोंडाच्या रंगाला जुळंल असं काही हाय का त्यातलं. विटकरी रंग घातलेलं मिळतं आणि वांग असलेल्या सावळ्या चेहऱ्याला ते उलट जास्त उपयोगी पडतं, कारण तो रंग डोळ्यांना दिसणारा उजेडही अडवतो. मी ते मागवलं. ते आता बऱ्यापैकी खपतं.

गालावरचे डाग डॉक्टरांनी गोठवून काढले. नाकावरचा आपोआप सौम्य झाला. मला वाटलं, निभावलं.

पुढच्या वैशाखात तिच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला एक खपली धरली. पडायची, पुन्हा धरायची. तिला वाटलं टोपीची कड घासली. मंचरच्या डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं आणि तुकडा तपासायला पाठवायला सांगितलं. अहवाल यायला आठ-दहा दिवस लागले. त्या दिवसांत मी दुकानात दोनदा चुकीच्या ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि दोन्ही वेळा गिऱ्हाइकानेच ते पकडलं. असं माझ्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं. कॅन्सर निघाला. लहान होता, वेळेत सापडला होता, पण होता. पुण्याला नेऊन कानाची ती कड कापून टाकली. गाठी कुठे नव्हत्या.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना मी बाजूला घेऊन विचारलं. म्हणालो, दीड वर्ष मलम चुकीच्या वेळी लावलं गेलं, त्याने झालं का? ते म्हणाले, हे लहानपणापासूनच्या उन्हाचं फळ आहे, एका-दोन वर्षांचं नाही. म्हटलं, पण बरोबर लावलं असतं तर? ते म्हणाले, फरक पडतो, असे डाग कमी होतात हे खरं. पण ह्या एका कानाचं असं सांगता येणार नाही. तज्ज्ञ माणसाने मला मोकळं सोडलं होतं. मी ते पुन्हा पुन्हा मनात घोळवून पाहिलं आणि मोकळं वाटेना. कॅन्सर कोणामुळे झाला हा प्रश्न डॉक्टरांचा होता. भाऊबीजेला मी पाटावर बसून गप्प का राहिलो हा प्रश्न त्यांचा नव्हता.

टाके काढून येताना आम्ही पेठला उतरलो. मेहुण्यांना मंचरला कुणाची तरी क्रेट पोहोचवायची होती, ते तासाभरात येणार होते. सकाळचे अकरा झाले असतील. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, तिला आत स्टुलावर बसवलं, चहा मागवला. तिच्या कानाला पट्टी होती. ती औषधांच्या फळ्यांकडे मान तिरकी करून बघत होती. तिला त्यातलं काहीच वाचता येत नव्हतं.

मी म्हणालो, “तू चुकीचं ऐकलं नव्हतंस. मीच चुकीचं लिहिलं होतं.”

तिने कप खाली ठेवला. “मला ठावं हाय,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“लई दिस झालं. पयली ट्यूब आणली तवाच पोरीनं खोक्यावरचं बारीक वाचून दाखवलं व्हतं. उन्हात जायच्या आधी लावा, दर दोन तासांनी लावा. रोज भांडायची माझ्याशी, आई मामाचं चुकलंय म्हणून.”

मला आधी नीट कळलंच नाही. मी विचारलं, “मग तू तसं लावलं का नाहीस?”

तिला प्रश्नाचं नवल वाटलं असावं. थोडा वेळ ती माझ्याकडे पाहायचा प्रयत्न करत होती, डोळे ठरत नव्हते.

“मी तिला म्हणले, कंपनी समद्या दुनियेसाठी छापती. मामानं माझ्यासाठी लिहिलंय. त्याला माझी कातडी ठावं हाय.”

बाहेर कुणीतरी शटरवर टकटक केली आणि निघून गेलं. तिने चहा संपवला, कप विसळायला कुठे ठेवू म्हणून विचारलं. मी तो तिच्या हातातून घेतला. ती रागावली असती तर मी उत्तर दिलं असतं, दुकानात दिवसभर तेच करतो. पण लहानपणी दहा पावलं मागे राहून हाक मारणारी ही बाई माझ्या तीन आकड्यांवर पोटच्या पोरीशी रोज भांडली होती, आणि मला तिची कातडी ठाऊक नव्हती.